शिक्षण प्रतिष्ठाने, स्थानिक (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एखाद्या शालेय जिल्ह्यातील सार्वजनिक शाळांसाठी परिसरातील रहिवासी, पालक, माजी विद्यार्थी व व्यापारी यांच्याकडून वर्गणी गोळा करून वाचनवर्ग, पूरक उपक्रम, शिक्षकांना छोटी अनुदाने, मार्गदर्शक-मित्र योजना (मुलाला एक प्रौढ सोबती जोडून देणे) इ. चालविणाऱ्या नोंदणीकृत धर्मादाय संस्था. येथे सार्वजनिक शाळा म्हणजे कराच्या पैशावर चालणारी, फी न आकारणारी शाळा. मराठीत ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की जी महागडी खासगी शाळा डोळ्यांसमोर येते, तिच्या नेमकी उलट. शालेय जिल्हा हाही महसुली जिल्हा नव्हे. तो शाळांपुरता आखलेला प्रशासकीय विभाग असून देशात असे सुमारे १३,००० विभाग आहेत. बहुतेकांचा कारभार निवडून आलेल्या शालेय मंडळाकडे असतो. प्रतिष्ठान या मंडळापासून कायद्याने वेगळे असते, त्याचे विश्वस्त वेगळे असतात आणि जिल्ह्याचा शिक्षण अधीक्षक त्यावर बहुधा पदसिद्ध सदस्य म्हणून बसतो. संघीय कर-कायद्याच्या ५०१(सी)(३) या कलमाखाली त्याची नोंद होत असल्याने देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळते. धर्मादाय देणग्यांची ही वजावट १९१७ पासून चालत आलेली आहे.

पालक-शिक्षक संघ एका शाळेपुरता असतो, ‘बूस्टर क्लब’ एखाद्या बँडपुरता किंवा फुटबॉल संघापुरता. प्रतिष्ठानाचा आवाका साधारणपणे संपूर्ण जिल्ह्याचा. प्रत्यक्षात या सीमा पुसट आहेत आणि आकडेवारीत तिन्हींची सरमिसळ होते. अभ्यासक आणखी एक भेद करतात : मोठ्या, गरीब वस्तीच्या शहरांतील ‘लोकल एज्युकेशन फंड’ आणि सुखवस्तू उपनगरांतील ‘एज्युकेशन फाउंडेशन’. पहिल्याचा पैसा मुख्यतः कंपन्या व मोठे न्यास यांच्याकडून येतो, दुसऱ्याचा पालकांच्या खिशातून. नावांवरून मात्र हा भेद ओळखता येईलच असे नाही.

उगम : या संस्थांचा जन्म १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात झाला, असे बहुतेक संदर्भग्रंथ सांगतात. त्यामागील कारणपरंपरा मात्र वादग्रस्त आहे.

अमेरिकेत शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागत आला. त्यामुळे जेथे घरे महाग, तेथे कमी दराने कर लावूनही शाळा श्रीमंत. जेथे घरे स्वस्त, तेथे दर चढा ठेवूनही शाळा गरीब. लॉस अँजेल्स परगण्यातील दोन जिल्ह्यांचे आकडे या संदर्भात नेहमी दिले जातात. १९६८-६९ मध्ये बॉल्डविन पार्क जिल्हा दर विद्यार्थ्यामागे ५७७ डॉलर खर्च करीत होता, तर बेव्हर्ली हिल्स १,२३२ डॉलर. मालमत्तेच्या दर १०० डॉलर करपात्र मूल्यावर बॉल्डविन पार्कचा कर ५.४८ डॉलर होता. बेव्हर्ली हिल्सचा अवघा २.३८. हे आकडे ‘सेरानो विरुद्ध प्रीस्ट’ या खटल्यात न्यायालयापुढे आले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये, आणि पुन्हा १९७६ मध्ये, ही पद्धत समतेच्या तत्त्वाला सोडून असल्याचे ठरविले. (दरम्यान १९७३ मध्ये टेक्सासमधून आलेल्या ‘रॉड्रिगेझ’ खटल्यात संघीय सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उलट निर्णय दिला होता. म्हणून ही लढाई पुढे राज्याराज्यांतच लढली गेली.) निकालामुळे श्रीमंत जिल्ह्यांच्या शालेय उत्पन्नाला लगाम बसला. पाठोपाठ ६ जून १९७८ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ (थेट मतदानाला टाकलेला कायद्याचा प्रस्ताव) संमत केले. त्यान्वये मालमत्ता कर करपात्र मूल्याच्या एक टक्क्यावर गोठला आणि मूल्यातील वार्षिक वाढ कमाल दोन टक्क्यांवर. मालमत्ता कराचे उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून अधिक घटले. कराच्या वाटेने शाळेला जादा पैसा देण्याचा मार्ग अशा रीतीने दोन्ही बाजूंनी बंद झाल्यावर पालकांनी वर्गणीची वाट धरली, हे नेहमीचे स्पष्टीकरण होय.

विल्यम फिशेल या अर्थशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये एक पाऊल पुढे जाऊन सेरानो निकालामुळेच प्रपोझिशन १३ संमत झाले, असे प्रतिपादन केले. आपण भरलेला कर आपल्याच गावच्या शाळेवर खर्च होणार नसेल, तर घरमालकाने तो का सोसावा, हा त्याच्या युक्तिवादाचा गाभा. कर्क स्टार्क व जोनाथन झॅस्लॉफ यांनी २००३ मध्ये हा कार्यकारणभाव नाकारला. करबंडाच्या मुळाशी घरांच्या भडकलेल्या किमती व त्यांबरोबर फुगलेली कराची बिले होती, निकालाचा त्यात फारसा वाटा नव्हता, असे त्यांचे म्हणणे. फिशेलने त्याला उत्तरही दिले. मतदानाच्या आकड्यांवरून दोन्ही बाजू आपापले निष्कर्ष काढीत असल्याने हा वाद मिटलेला नाही. प्रतिष्ठानांच्या इतिहासापुरते पाहता तो मिटण्याची गरजही नाही. दोन्ही घटनांचा परिणाम एकाच दिशेने झाला.

अडचण वेगळीच आहे. सॅन फ्रान्सिस्को एज्युकेशन फंड १९७९ चा, म्हणजे या कथेत चपखल बसणारा. परंतु त्याच सुमारास पेन्सिल्व्हेनियातील पिट्सबर्ग येथे ॲलेघेनी कॉन्फरन्स या उद्योजकांच्या संघटनेने शिक्षणनिधी सुरू केला होता, आणि तेथे ना सेरानो निकाल होता ना प्रपोझिशन १३. पिट्सबर्गमध्ये चिंता होती ती शहरातील शाळांवरचा लोकांचा विश्वास उडत चालल्याची. शिक्षकांना छोटी अनुदाने देण्याची पद्धत या दोन्ही निधींनी रूढ केली. १९८३ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून पिट्सबर्ग येथे ‘पब्लिक एज्युकेशन फंड’ स्थापन झाला, त्याने शहरोशहरी असे निधी उभे केले आणि त्यांचे जाळे पुढे ‘पब्लिक एज्युकेशन नेटवर्क’ या नावाने २०१२ पर्यंत चालले. म्हणून एकाच झऱ्याऐवजी उपनगरांचा करकोंडीतून निघालेला आणि शहरांचा उद्योजक-न्यासांकडून आलेला असे दोन प्रवाह मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

काही लेखक उगम आणखी मागे नेतात. १८९७ मध्ये वॉशिंग्टन येथे ॲलिस बर्नी व फीबी हर्स्ट यांनी भरविलेली मातांची राष्ट्रीय परिषद (आजच्या पालक-शिक्षक संघटनेचे मूळ) हा एक दाखला. १९५८ मध्ये मॅसॅचूसेट्समधील फॉल रिव्हर येथे अर्व्हिंग फ्रॅडकिन या नेत्रतपासनीसाने गावातील प्रत्येकाकडे एकेक डॉलर मागून सुरू केलेली शिष्यवृत्ती हा दुसरा. पण तिचा रोख महाविद्यालयीन शिक्षणावर होता. सर्वांत वजनदार आणि तरीही बहुतेक नोंदींतून गळणारा दाखला आहे तो दक्षिणेकडील रोझेनवाल्ड शाळांचा. कृष्णवर्णीय शिक्षणनेते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सूचनेवरून उद्योगपती जूलियस रोझेनवाल्ड याने १९१२ पासून कृष्णवर्णीय मुलांच्या खेड्यांतील शाळांसाठी जोड-अनुदान देण्यास आरंभ केला. १९३२ पर्यंत १५ राज्यांत ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या. अट अशी, की गावाने आपला वाटा आधी उचलायचा आणि तयार इमारत सरकारी शालेय मंडळाच्या नावे करायची. पैसा नसलेल्यांनी लाकूड, जमीन, श्रम दिले. काही शेतकरी कापसाच्या शेताचा एक तुकडा शाळेसाठी राखून ठेवीत, त्याला ‘रोझेनवाल्ड पॅच’ म्हणत. हिशेब पाहता रोझेनवाल्डकडून सुमारे ४४ लाख डॉलर आले आणि कृष्णवर्णीय रहिवाशांकडून सुमारे ४७ लाख. हेच लोक करही भरत होते व त्या कराचा मोठा भाग गोऱ्यांच्या शाळांवर खर्च होत होता. इतिहासकार जेम्स अँडरसन याने याला ‘दुहेरी कर’ म्हटले आहे. आजच्या उपनगरी प्रतिष्ठानाचा रोझेनवाल्ड शाळांशी थेट वंशसंबंध दाखविता येत नाही. परंतु ‘सार्वजनिक शाळा, खासगी वर्गणी’ हा सांधा प्रथम मोठ्या प्रमाणावर जुळला तो येथे.

कार्य : सर्वांत रूढ काम म्हणजे शिक्षकांना दिली जाणारी ‘मिनी ग्रँट’. रक्कम काहीशे डॉलरपासून एखाद-दोन हजारांपर्यंत. शिक्षक दोन-चार पानी अर्ज करतो, पुष्कळ ठिकाणी नाव व शाळा झाकून समिती तो वाचते, आणि मंजुरी आली की विश्वस्त मंडळी फुगे व दारात मावणार नाही एवढा पुठ्ठ्याचा धनादेश घेऊन चालू वर्गात शिरतात. या मिरवणुकीला ‘प्राइझ पट्रोल’ म्हणतात. त्या पैशातून सूक्ष्मदर्शक, व्हायोलिन, वर्गग्रंथालयातील पुस्तके, परसबागेचे वाफे असे काहीबाही येते. निधी जमविण्याचे मार्ग ठरलेले : मेजवानी व लिलाव, धावण्याची शर्यत, मोठ्यांची शब्दलेखन स्पर्धा. शिक्षकांचा पगार अशा पैशातून देऊ नये, वर्गणी आटली की माणूस जातो, असा संकेत आहे. पण कॅलिफोर्नियातील सधन जिल्ह्यांत संगीत व कला-शिक्षक आणि ग्रंथपाल यांचे पगार भागविणे हेच प्रतिष्ठानांचे मुख्य काम होऊन बसले आहे.

वाचनाच्या उपक्रमांत तिसरी इयत्ता हा उंबरठा मानतात : तोवर मूल वाचायला शिकते, त्यानंतर वाचून शिकते. स्वयंसेवक (यांत निवृत्तांचा भरणा मोठा) आठवड्यातून एकदोनदा अर्धा तास एका मुलाजवळ बसतो. त्याआधी त्याची पोलीस-पडताळणी होते. मूल अडखळले की लगेच शब्द पुरवू नये, थोडे थांबावे, एवढीच बहुतेक ठिकाणी प्रशिक्षणाची पुंजी असते. तरी परिणाम दिसतो : २००९ मध्ये गॅरी रिटर व सहकाऱ्यांनी २१ यादृच्छिक चाचण्यांचा (शिकवणी कोणाला मिळेल हे चिठ्ठी टाकून ठरविलेल्या प्रयोगांचा) आढावा घेतला, त्यात अशा शिकवणीचा वाचनावर मध्यम पण स्पष्ट परिणाम (सुमारे ०.३ प्रमाण विचलन) आढळला. उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत गरीब मुलांचे वाचन मागे पडते, या समजुतीवर सुट्टीतील पुस्तकवाटप आधारलेले आहे. हॅरिस कूपर याच्या १९९६ च्या ३९ अभ्यासांवरील आढाव्यात ही घसरण सरासरी एका महिन्याच्या शिक्षणाएवढी भरली. अलीकडे पॉल फॉन हिपेल याने जुन्या चाचण्यांच्या मापनपद्धतीवर बोट ठेवून या घसरणीविषयीच शंका घेतली आहे. पुस्तके वाटून लाभ होतो की नाही, हा प्रश्न त्याहून वेगळा. फ्लॉरिडातील १७ गरीब शाळांत मुलांना सलग तीन उन्हाळे, दर वेळी स्वतः निवडलेली १२ पुस्तके दिल्यावर त्यांचे वाचनाचे गुण वाढल्याचे रिचर्ड ॲलिंग्टन व ॲन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी २०१० मध्ये दाखविले. निवड मुलांची होती, ही गोष्ट देणगीदारांच्या नजरेतून सुटते.

मार्गदर्शक-मित्र योजनांचे मूळ १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातील कारकून अर्नेस्ट कोल्टर याने सुरू केलेल्या ‘बिग ब्रदर्स’ चळवळीत सापडते. १९९५ च्या मूल्यमापनात ९५९ मुलांपैकी ज्यांना असा मित्र मिळाला, त्यांच्यात व्यसनाला सुरुवात आणि शाळा बुडविणे यांचे प्रमाण लक्षणीय घटलेले आढळले. हा आकडा प्रतिष्ठानांच्या पत्रकांत हटकून असतो. परंतु तो शाळेबाहेर, महिनोन्‌महिने टिकलेल्या मैत्रीचा आहे. शाळेच्या आवारात तासाभरापुरत्या भेटणाऱ्या जोड्यांचा २००७ मध्ये ७१ शाळांत अभ्यास झाला, तेव्हा पहिल्या वर्षी अभ्यासात दिसलेली प्रगती दुसऱ्या वर्षी टिकली नव्हती. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतील मुलांचा आत्मविश्वास उलट घटतो, असे जीन ग्रॉसमन व जीन ऱ्होड्स यांना २००२ मध्ये आढळले होते. स्वयंसेवकांची नोंदणी शाळेच्या वर्षारंभी होते व सुट्टी लागताच जोड्या विस्कटतात, हे पाहता या निष्कर्षाकडे अधिक लक्ष जायला हवे होते.

विषमतेचा प्रश्न : १९९५ ते २०१० या काळात शाळांना मदत करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांची संख्या व उत्पन्न दोन्ही तिपटीहून अधिक वाढली. तरीही सार्वजनिक शालेय खर्चाच्या तुलनेत ही रक्कम एक टक्क्याहून कमीच भरते. एरिक ब्रनर व जॉन सॉन्स्टेली यांनी कॅलिफोर्नियाची आकडेवारी तपासून वर्गण्यांमुळे सेरानोने आणलेली समता मोडली नाही, असा निष्कर्ष काढला; मूठभर शाळा सोडता दरडोई रक्कम फार किरकोळ होती. रॉब रीश या राजकीय तत्त्वचिंतकाचा आक्षेप रकमेच्या आकारावर नाही. श्रीमंत पालकाने आपल्याच मुलाच्या शाळेला दिलेल्या देणगीवर करवजावट मिळते, म्हणजे त्या विषमतेला सरकारी तिजोरी हातभार लावते, हा त्याचा मुद्दा आहे. ब्रनर-सॉन्स्टेली यांच्या आकड्यांनी तो खोडला जात नाही.

यावर जिल्ह्यांनी काढलेले तोडगे थोडेच आहेत. ओरेगनमध्ये १९९० च्या ‘मेझर ५’ ने मालमत्ता कर मर्यादित केल्यावर पोर्टलंडमध्ये शाळाशाळांच्या वर्गण्या वाढल्या. तेथे अनेक वर्षे असा नियम होता, की शाळेने पहिले १०,००० डॉलर स्वतःकडे ठेवावेत आणि त्यावरील रकमेचा एक-तृतीयांश गरीब शाळांच्या सामायिक निधीत टाकावा. सँटा मोनिका-मालिबू जिल्ह्याने २०११ मध्ये शिक्षकवर्गासाठीची वर्गणी शाळावार न घेता जिल्हाभर एकत्र घेण्याचे धोरण स्वीकारले; मालिबूतील काही पालकांना ते रुचले नाही आणि वेगळ्या शालेय जिल्ह्याच्या त्यांच्या मागणीला त्याने आणखी जोर दिला. ग्रामीण जिल्ह्यांतील प्रतिष्ठानांविषयीचे लेखन तुरळक आहे; तेथे माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या व शिष्यवृत्त्या यांवरच भर दिसतो.