हरिकेन एका रात्रीत जातं, निस्तरायला वर्षं लागतात: थोडी पार्श्वभूमी

मोठं हरिकेन येऊन गेलं की अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या लोकांना दरवेळी तीच सूचनांची यादी मिळते. जनरेटर घरात लावू नका, साफसफाईच्या आधी सगळ्याचे फोटो काढा, फ्रीज उघडू नका, विमा कंपनीला आधी फोन करा, छतावर ताडपत्री टाकून घ्या वगैरे वगैरे. वाचायला एकदम रटाळ, सरकारी छापाची. पण नीट बघितलं तर त्यातल्या बहुतेक ओळींमागे एखादं ठराविक वादळ आहे, आणि त्या वादळानंतर झालेला एखादा घोळ आहे. म्हणून ही यादी उलटीकडून वाचायचा प्रयत्न.

आधी एक छोटी गोष्ट. हरिकेन म्हणजे चक्रीवादळच, अटलांटिक किंवा पूर्व पॅसिफिकमध्ये झालं आणि वारा ताशी ११९ किमीला पोचला की त्याला हरिकेन म्हणतात, आणि १७८ च्या पुढे गेलं की 'मेजर', म्हणजे कॅटेगरी ३ आणि वरचं. कॅटेगरी १ ते ५ चं हे स्केल हर्बर्ट सॅफिर नावाचा इंजिनिअर आणि रॉबर्ट सिम्पसन हा हवामानतज्ज्ञ यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आणलं. आता ते फक्त वाऱ्याचा जोर सांगतं. नंतर काय वाढून ठेवलंय ते त्यातून कळत नाही, आणि लोकांची फसगत नेमकी तिथेच होते.

सुरुवात करायची तर गॅल्व्हेस्टनपासूनच. टेक्सासमधलं बेटावरचं हे श्रीमंत बंदर, वस्ती ३७-३८ हजार, ८ सप्टेंबर १९०० ला समुद्र शहरात घुसला आणि ६ ते १२ हजारांच्या दरम्यान माणसं गेली, साधारणपणे ८ हजार धरतात. अमेरिकेच्या इतिहासातली आजही ही सगळ्यात जीवघेणी नैसर्गिक आपत्ती आहे. दुसऱ्या दिवशीचा प्रश्न अन्नाचा नव्हताच, प्रेतांचा होता. पुरायला जमीन नाही, सगळी ओली, म्हणून शेकडो प्रेतं बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवर चढवून समुद्रात नेऊन टाकली, ती लाटांबरोबर परत किनाऱ्याला लागली, मग जिथे सापडेल तिथेच लाकडाच्या ढिगाऱ्यावर जाळायला सुरुवात केली आणि हे काम कितीतरी आठवडे चालू राहिलं. अमेरिकन रेड क्रॉसची संस्थापक क्लारा बार्टन वयाच्या ७८ व्या वर्षी तिथे मदतीला पोचली. सैन्याने तंबू वगैरे दिले, पण केंद्र सरकारने अशा वेळी काय करायचं याचा कायदाच तेव्हा नव्हता, बाकी सगळं देणग्यांवर आणि शहराच्या स्वतःच्या हिमतीवर.

आणि हिंमत म्हणजे काय ते बघा. त्यांनी आधी १७ फूट उंच समुद्रभिंत बांधली, १९०४ ला पहिला टप्पा पूर्ण, आणि मग अख्खं शहर वर उचललं! अतिशयोक्ती नाही. दोन हजारांहून जास्त इमारती जॅक लावून वर केल्या, त्यात चर्चसुद्धा, आणि खाली वाळूमिश्रित पाणी पंपाने सोडून भराव केला. हे १९११ पर्यंत चाललं. तोवर लोक उंच लाकडी फळ्यांवरून चालत बाजारात जायचे. १९१५ ला पुन्हा जबरदस्त वादळ आलं तेव्हा भिंतीमागच्या शहरातल्या मृतांचा आकडा १९०० च्या मानाने अगदीच किरकोळ होता. पण धंदा काही परत आला नाही, १९१४ ला ह्यूस्टनचा जहाजांचा कालवा सुरू झाला आणि व्यापार आत सरकला. शहर वाचलं पण मोठं व्हायचं राहून गेलं.

१९२८ चं ओकिचोबी वादळ मला जास्त अस्वस्थ करतं. फ्लोरिडातल्या ओकिचोबी तळ्याचा मातीचा बांध फुटला आणि किमान २५०० माणसं बुडाली, बहुतेक शेतावर राबणारे काळे मजूर. प्रेतं गोळा करायलाही काळ्या लोकांनाच जुंपलं, कित्येकदा बंदुकीच्या धाकाने. शवपेट्या कमी होत्या म्हणून त्या गोऱ्यांसाठी राखल्या. वेस्ट पाम बीचमध्ये ६९ जणांना रीतसर कब्रस्तानात जागा मिळाली आणि ६७४ काळ्या लोकांना एका खड्ड्यात, वर साधी पाटीसुद्धा नाही. पुढे ती जागा विकलीही गेली, शहराने २००० साली परत घेतली. नंतरच्या निस्तरण्यात कोणाचा नंबर आधी लागतो हा वाद काही २००५ च्या कॅटरिना वादळाने सुरू केलेला नाही, तो इतका जुना आहे.

१९५० पर्यंत पद्धत अशी की आपत्ती आली की काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, त्या त्या आपत्तीपुरता वेगळा ठराव करणार. त्या वर्षी पहिला कायमस्वरूपी कायदा झाला, राज्यपालाने मागायचं आणि राष्ट्राध्यक्षाने जाहीर करायचं, ही पद्धत तिथून पडली. १९६५ ला बेट्सी वादळाने लुइझियाना राज्यातलं न्यू ऑर्लीन्स शहर बुडवलं, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन दुसऱ्याच दिवशी तिथे पोचले आणि लाइट नसलेल्या एका शाळेत, जिथे लोक आसऱ्याला होते, टॉर्चच्या उजेडात मी तुमचा राष्ट्राध्यक्ष आहे असं ओरडून सांगत फिरले. नेत्याने वादळानंतर भागात दिसलंच पाहिजे ही अपेक्षा तेव्हापासून पक्की झाली असं म्हणायला हरकत नाही. पण बेट्सीने दुसरी एक गोष्ट उघडी पाडली जी जास्त महत्त्वाची, ती म्हणजे घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येतच नव्हता. खाजगी कंपन्यांनी केव्हाच हात काढून घेतला होता. म्हणून १९६८ ला सरकारी पूरविमा आला. आजही तोच चालतो, घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानासाठी एक लाख, आणि पॉलिसी साधारण ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळ टीव्हीवर दिसल्यावर घ्यायला गेलात तर काही उपयोग नाही.

म्हणजे एका घराला दोन विमे, वाऱ्याचा एक आणि पाण्याचा एक. हे लक्षात ठेवा, पुढे यातूनच सगळं महाभारत झालं.

फेमा ही आपत्तीत मदत करणारी केंद्रीय यंत्रणा १९७९ ला कार्टर यांनी वेगवेगळी खाती एकत्र करून काढली. तिची खरी परीक्षा २४ ऑगस्ट १९९२ ला, अँड्र्यू वादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडवर आलं तेव्हा. २५ हजारांवर घरं पूर्ण गेली, लाखभर मोडली. रस्त्यांच्या पाट्या उडालेल्या, खुणेची झाडं नाहीत, स्वतःची गल्ली ओळखू येईना, म्हणून लोकांनी भिंतींवर स्प्रेने घर नंबर आणि विमा कंपनीचं नाव लिहून ठेवलं, सर्व्हेअरला सापडावं म्हणून. तीन दिवस झाले तरी मोठी मदत दिसेना, तेव्हा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, आपत्ती विभागाच्या प्रमुख केट हेल पत्रकारांसमोर भडकल्या, आमचं घोडदळ, म्हणजे मदतीची कुमक, आहे तरी कुठे म्हणून. त्यानंतर वीस हजारांवर सैनिक आले. खरंतर घोळ असा होता की राज्य म्हणतंय केंद्राने समजून घ्यावं, केंद्र म्हणतंय राज्याने रीतसर मागावं.

अँड्र्यूने आणखी एक केलं, अकरा विमा कंपन्या बुडवल्या. उरलेल्यांनी मग हरिकेनसाठी वेगळा डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायचा वाटा, आणला, ठराविक रक्कम नाही तर घराच्या विमा रकमेच्या टक्क्यात. समजा ३ लाखांचा विमा आणि ५ टक्के, तर पहिले १५ हजार डॉलर तुमच्याच खिशातून. बऱ्याच लोकांना हे छत उडाल्यावरच कळतं. गंमत म्हणजे २०१२ ला सँडी किनाऱ्याला लागता लागता तांत्रिकदृष्ट्या हरिकेन राहिलं नव्हतं, त्यामुळे न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या राज्यपालांनी तो डिडक्टिबल लागू होणार नाही असं जाहीर केलं. हवामान खात्याच्या एका शब्दावर लोकांचे हजारो डॉलर वाचले. अँड्र्यूनंतर घरांची छतंही तपासली गेली, कुठे काय काय सोडून दिलं होतं ते बाहेर आलं, आणि २००२ पासून फ्लोरिडाभर एकच कडक बिल्डिंग कोड लागू झाला.

मग कॅटरिना, २९ ऑगस्ट २००५. पूरभिंती फुटल्या, न्यू ऑर्लीन्सचा ८० टक्के भाग पाण्यात. सुपरडोम या स्टेडियममध्ये आसऱ्याला आलेल्या लोकांचे ते दिवस सगळ्या जगाने टीव्हीवर बघितले, त्यावर परत काय लिहायचं. मला त्यानंतरच्या महिन्यांबद्दल सांगायचंय. लोक कितीतरी आठवड्यांनी घरी परतले, लाइट नव्हती, आत फ्रीजमध्ये मांस-मासे सडलेले. ज्याने उघडला त्याला तो वास जन्मभर पुरला. मग सगळ्यांनी फ्रीज न उघडता टेपने बांधून रस्त्याकडेला ठेवले, गल्ल्याच्या गल्ल्या पांढऱ्या फ्रीजनी भरलेल्या, आणि त्यावर मार्करने राजकारण्यांना शिव्या. यादीतली फ्रीजची ओळ दोन अर्थांनी खरी आहे, लाइट गेल्यावर बंद ठेवला तर चारेक तास आतलं टिकतं, आणि आठवडे उलटले असतील तर उघडूच नये.

घरांवर रंगाने काढलेल्या त्या मोठ्या फुल्या पण तेव्हाच्याच लक्षात राहिल्या. एका बाजूला कुठली टीम, वर तारीख, तिसरीकडे धोका काय, आणि खाली आत किती माणसं सापडली. खालचं शून्य असणं हीच चांगली बातमी. काही लोकांनी घर दुरुस्त केलं पण ती फुली पुसली नाही.

आणि ते दोन विमे. मिसिसिपी राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावर घरांचा फक्त काँक्रीटचा चौथरा उरला होता. घर आधी वाऱ्याने पडलं की मागून आलेल्या पाण्याने वाहून नेलं? वारा म्हणाल तर खाजगी कंपनी पैसे देणार, पाणी म्हणाल तर पूरविमा, आणि तो नसेल तर काहीच नाही. साक्षीदार कोण, चौथरा? वर्षानुवर्षं खटले चालले. सिनेटर ट्रेंट लॉट यांचं घर गेलं तर त्यांनासुद्धा विमा कंपनीला कोर्टात खेचावं लागलं, मग सामान्य माणसाची काय कथा. 'हात लावायच्या आधी फोटो काढा, पाण्याची रेघ भिंतीवर कुठपर्यंत आहे तेही काढा' हा सल्ला लोक आता इतक्या पोटतिडकीने देतात त्यामागे हे आहे.

राहायला दिलेल्या सरकारी ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरांमध्ये, लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, २००८ ला तपासणीत फॉर्माल्डिहाइड हा त्रासदायक वायू जास्त निघाला. लुइझियानाच्या घरबांधणी मदतीत वादळाआधीची किंमत किंवा बांधणीचा खर्च यातलं जे कमी ते धरलं, त्यामुळे सारखंच घर असूनही काळ्या वस्तीत पैसे कमी मिळाले, कारण तिथल्या घरांना बाजारात भावच कमी. त्यावर दावा झाला, २०११ ला तडजोड. २००६ ला फेमाचा कायदा सुधारला, आणि त्याच वर्षी पाळीव प्राण्यांसाठीही कायदा झाला, कारण कुत्र्याला सोडून यायचं नाही म्हणून कितीतरी लोक घर सोडायला तयार नव्हते.

प्वेर्तो रिको या कॅरिबियनमधल्या अमेरिकी बेटावर २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ आलं आणि अख्ख्या बेटाची वीज गेली, शेवटच्या घरांपर्यंत पोचायला जवळपास ११ महिने. सरकारी मृतांचा आकडा ६४. ६४! डायलिसिस बंद, ऑक्सिजनचं मशीन बंद, इन्सुलिन थंड ठेवायला फ्रीज नाही, असे गेलेले कोणी मोजलेच नव्हते. जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीने पहिल्या सहा महिन्यांतले जास्तीचे मृत्यू मोजले आणि ऑगस्ट २०१८ ला सरकारने २,९७५ हा आकडा मान्य केला. शिवाय तिथे घरं वाडवडिलांकडून तोंडीच आलेली, मालकीचा कागद नाही, म्हणून हजारो अर्ज फेटाळले. तो नियम फेमाने २०२१ ला सैल केला, चार वर्षांनी.

वीज नाही म्हटलं की जनरेटर आला. २०२० च्या लॉरा वादळात लुइझियानातल्या बळींमध्ये कार्बन मोनॉक्साइडने गेलेल्यांचा वाटा खूप मोठा होता. त्या वायूला वास नाही, रंग नाही, गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवून भागत नाही, मशीन घरापासून किमान २० फूट लांब हवं. वादळातून वाचलेली माणसं दोन दिवसांनी झोपेत गेली. २०२४ मध्ये नेचर मासिकात आलेल्या अभ्यासाने तर हिशोब आणखी ताणला, एका सरासरी वादळामुळे पुढच्या १५ वर्षांत ७ ते ११ हजार जास्तीचे मृत्यू, आणि सरकारी नोंदीत सरासरी फक्त २४. आजारपण, गेलेल्या नोकऱ्या, मोडलेली बचत, असं सगळं त्यात येतं असा त्यांचा अंदाज.

त्याच वर्षी सप्टेंबरात हेलीन आलं, फ्लोरिडात कॅटेगरी ४, पण सगळ्यात वाईट हाल झाले समुद्रापासून शेकडो किमी आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात, जिथे ते हरिकेन उरलंही नव्हतं. पूरविमा अगदी मोजक्या घरांकडे, कारण डोंगरात कोण घेतो. रस्ते वाहून गेलेले, काही ठिकाणी औषधं आणि सामान खेचरांवरून पोचवलं. अॅशव्हिल शहराच्या पाइपलाइनी तुटल्या, त्या जोडल्या तर नळाला गढूळ पाणी, ते पिण्यालायक व्हायला १८ नोव्हेंबर उजाडला, ५३ दिवस. तोवर पिण्याचं पाणी ट्रकमधून यायचं, आणि फ्लशसाठी लोक ओढ्यावरून बादल्या भरून आणायचे.