मराठी कादंबरीतील एकाकीपणा, अपराधभाव आणि सामाजिक दुभंग

भरल्या घरात मनातले सांगायला कोणी नसणे, आपण कोणाचे तरी देणे लागतो ही टोचणी, आणि जात, धर्म, लिंग, पैसा यांनी माणसांमाणसांत उभ्या केलेल्या भिंती हे तीन विषय आधुनिक मराठी कादंबरीत सहसा एकमेकांत गुंतून येतात. समीक्षेत त्यांपैकी पहिल्यावरच भर पडतो आणि कादंबरीवर 'अस्तित्ववादी', म्हणजे माणसाचे एकटेपण आणि जगण्याची अर्थहीनता यांविषयीची, असा शिक्का बसतो. मराठीपुरते ते अपुरे आहे. इथला एकटा नायक बहुधा बापाच्या पैशावर शिकत असतो, नायिका सासरच्या माजघरात वावरत असते. म्हणून तो एकाकीपणा कोणापासूनचा आणि कोणाच्या खर्चाने, हे आधी पाहावे लागते. पुण्यात घडणाऱ्या कादंबऱ्यांत हे विशेष स्पष्ट दिसते, कारण पेठेतला वाडा, कॉलेजचे होस्टेल आणि पेइंग गेस्टची खोली या जागाच कथेतली अंतरे ठरवतात.

हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यातूनच क्रमशः आली. यमुना आपली हकीकत स्वतः सांगते, तीही घरातल्या बायकांच्या बोलीत. पुण्याच्या घरात एकांत असा नाहीच. प्रत्येक बोलणे कोणाच्या तरी कानावर जाते. तिला मोकळा श्वास मिळतो तो नवऱ्याबरोबर मुंबईत बिऱ्हाड केल्यावर. तो गेल्यावर तिचे सक्तीने केशवपन होते. घरच्यांच्या हातून अपराध घडतो, पण अपराधभाव त्यांच्यापैकी कोणाला शिवत नाही. तो भार वाचकाकडे जातो, आणि पहिले वाचक तर तशाच वाड्यांत राहणारे होते. समाजसुधारणेची कादंबरी म्हणून तिची गणना होते, ते खरेच. पण निवेदनाची ही युक्ती तिच्या विषयाइतकीच महत्त्वाची आहे.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकायला येतो, होस्टेलवर राहतो, नको तितकी पदे अंगावर घेतो आणि अखेर गावी परततो. हा प्रवास तुटलेपणाचा म्हणून वाचला जातो. प्रत्यक्षात कादंबरीभर हिशेब चालू असतो. पांडुरंग मेसचा सेक्रेटरी होतो, तो भाग या दृष्टीने पुन्हा वाचावा. विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये महिन्याचा किराणा, दूध, भाजी, सरपण आणि आचाऱ्याचा पगार यांची बेरीज करतात, तिला ताटांच्या संख्येने भागतात आणि ज्याच्या त्याच्या नावावर बिल लावतात. बुडवलेली बिले, वहीत न चढवलेले पाहुणे आणि वाण्याची उधारी यांची तूट हिशेब ठेवणाऱ्यावर येते. ज्याला नाही म्हणता येत नाही, तो यात हमखास बुडतो. पांडुरंगही बुडतो. झळ सांगवीपर्यंत जाते आणि वडिलांशी आधीच ताणलेले नाते आणखी ताणते. वडिलांच्या व्यवहारी वृत्तीचा त्याला तिटकारा आहे, आणि त्याचे शिक्षण त्याच वृत्तीने कमावलेल्या पैशावर चालते. अपराधभावाचे मूळ इथे आहे. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूनंतर तो उघडा पडतो. त्या मृत्यूच्या वेळी तो घरी नसतो. त्या पानांवर एरवीची थट्टा टिकत नाही, वाक्ये मोडतात.

'कोसला'नंतर प्रथमपुरुषी, कंटाळलेल्या, तिरकस तरुणांच्या कादंबऱ्यांचे पीक आले. त्यांतल्या बऱ्याच फसल्या, कारण त्यांनी स्वर उचलला आणि देणे वगळले. घरी कोण वाट पाहते, फी कोण भरते, हे नसले की एकाकीपणा नुसता मूड उरतो. दुसरी नेहमीची चूक भाषेची. लेखक बोली अवतरणचिन्हांत घालतो आणि निवेदन प्रमाण मराठीत ठेवतो. मग गावचे पात्र स्वतःच्याच गोष्टीत पाहुण्यासारखे वावरते. उद्धव शेळके यांच्या 'धग'मधली (१९६०) कौतिक अशी परकी वाटत नाही, कारण वऱ्हाडी बोलीला त्या कादंबरीत शोभेची जागा नाही.

अपराधभाव रंगवणे एकाकीपणापेक्षा कठीण आहे. त्याला घडलेली गोष्ट लागते, ती लांबवून सांगण्याचे कारण लागते, आणि जिच्यावर अन्याय झाला ती व्यक्ती स्वतंत्रपणे जिवंत वाटावी लागते. विश्राम बेडेकर यांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) तिन्ही जमले आहे. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून पळालेली ज्यू तरुणी हॅर्टा भेटतात. मुंबईला तो उतरतो. तिला उतरता येत नाही, बोट तिला पुढे नेते. त्याच्यामागे पोचतात ती तिची पत्रे आणि तिने समुद्रात जीव दिल्याची बातमी. बंदरावर उतरण्याचा हक्क कोणाला आहे, एवढ्या एका गोष्टीत सामाजिक दुभंग सामावतो. हॅर्टा नुसती करुण मूर्ती असती तर चक्रधरचा पश्चात्ताप आत्मदया ठरला असता.

हमीद दलवाई यांच्या 'इंधन'मध्ये (१९६५) हृदयविकारातून उठलेला निवेदक कोकणातल्या आपल्या गावी बऱ्याच वर्षांनी परततो. हिंदू आणि मुसलमान एवढीच फूट दलवाई मांडत नाहीत. जमीन कोणाची आणि कसतो कोण, पूर्वीचा मान कोणाचा गेला, हेही त्यात असते. गाव पेटते, आणि सुधारकी विचारांचा निवेदक काही करू शकत नाही. दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम समाजात सुधारणा घडवण्यासाठी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. पण ही कादंबरी प्रचाराची नाही, उलट सुधारकाच्या हतबलतेची आहे.

विभावरी शिरूरकर यांच्या 'बळी'त (१९५०) भिंत अक्षरशः उभी आहे. कायद्याने 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींची सेटलमेंट, तिचे तारेचे कुंपण, तिथली हजेरी. लेखिकेने सोलापूरच्या अशाच वसाहतीत काम केले होते. इथे अपराध जन्माआधीच नावावर लागलेला असतो, त्यामुळे 'अपराधी वाटणे' ही भानगड किती सवर्ण आहे हे लक्षात येते. दलित लेखनात या जागी बरेचदा लाज आणि चीड असते. शिकून वर आलेल्याची मागे राहिलेल्यांविषयीची टोचणी मात्र तिथेही आहे. तिचा सर्वांत धारदार आविष्कार आत्मकथनात सापडतो: दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) लेखक आणि दगडू मारुती पवार ही एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर बसतात.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) पुन्हा पुण्यातल्या घरात येते. भाऊ तनय आणि बहीण अनुजा एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते, तोही तिला सोडतो आणि ती घरी परतते. पूर्वार्धात तनय त्या निनावी पाहुण्याला 'तू' म्हणत बोलतो, उत्तरार्धात अनुजाची डायरी आहे. तिचे दुःख घराला दिसते. त्यावर आरडाओरडा होतो, उपचारही होतात. तनयचे दुःख त्याच छपराखाली असून कोणाच्या ध्यानीमनी नसते, कारण त्याने काही गमावले आहे हेच घरच्यांना ठाऊक नाही.