आंधळा नवरा आणि नासपतीचं झाड

इंग्रज कवी जेफ्री चॉसरने १३८७च्या सुमारास ‘कँटरबरी टेल्स’ लिहायला घेतल्या. यात्रेला निघालेली माणसं वाटेत एकेक गोष्ट सांगतात. त्यातल्या व्यापाऱ्याच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झालेत आणि तो पुरता पस्तावला आहे. त्याने सांगितलेली गोष्ट म्हणजे जरठ-कुमारी विवाहाची. नवरा जॅन्युअरी, लोम्बार्डीतल्या पाविया शहरातला साठीचा सरदार, बायको मे. (इंग्लंडातला मे फुलांचा. आपला रणरणता मे डोळ्यांसमोर आणला की नावांतली गंमतच जाते.)

या गोष्टीमागे हजारेक वर्षांचा वाद आहे. संत जेरोमने ३९३च्या सुमारास जोव्हिनियन नावाच्या साधूविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. ब्रह्मचर्य आणि लग्न देवाला सारखंच, हे जोव्हिनियनचं म्हणणं त्याला खोडायचं होतं. शहाण्याने लग्नाच्या भानगडीत पडू नये, असा एक उतारा त्याने ग्रीक विचारवंत थिओफ्रास्टसच्या नावावर त्यात घातला. पुढे लग्न न करणाऱ्या धर्मपंडितांनी तो शतकानुशतकं उगाळला. याच यात्रेतल्या, बाथ गावच्या बाईचा पाचवा नवरा असल्या मजकुराची वही तिला रोज वाचून दाखवतो. शेवटी ती पानंच फाडते.

दुसरीकडे चर्च लग्नाला पवित्र संस्कार मानत होतं. बाराव्या शतकात पोप तिसऱ्या अलेक्झांडरने ठरवलं की दोघांनी वर्तमानकाळात ‘मी तुला वरतो’, ‘मी तुला वरते’ म्हटलं की लग्न झालं. आईबाप किंवा पाद्री हजर नसले तरी. मुलीचं किमान वय मात्र १२ वर्षं. म्हणजे कागदावर संमती सर्वात मोठी. चॉसर मेच्या नावे झालेल्या जमिनीच्या दस्तांचा उल्लेख करतो, पण ती ‘हो’ म्हणाली का, हे सांगत नाही. पहिल्या रात्रीनंतर एवढंच म्हणतो, की तिच्या मनात काय आलं ते देव जाणे.

जॅन्युअरीला तरी ते कुठे जाणून घ्यायचंय? बाजारात आरसा ठेवावा आणि येणारेजाणारे त्यात दिसावेत, तशा गावातल्या पोरी रात्री त्याच्या मनात फिरतात. त्यातली एक तो निवडतो. मग सल्ला विचारतो. जस्टिनस ‘नको’ म्हणतो, तर प्लासिबो मान डोलावतो. हे नाव मृतांसाठीच्या प्रार्थनेतल्या लॅटिन शब्दावरून आलं. अर्थ ‘मी खूश करीन’, म्हणजे आपला होयबा! पुढे डॉक्टरांनी तोच शब्द औषध नसलेल्या गोळीला दिला.

लग्नाची थोरवी गाताना जे दाखले येतात, ते तर बघाच. रिबेकाने आंधळ्या नवऱ्याला फसवून धाकट्या मुलाला आशीर्वाद मिळवून दिला. ज्युडिथने झोपलेल्या सेनापतीचं मुंडकं उडवलं. जॅन्युअरी म्हणतो, स्वतःच्या बायकोशी पाप होत नाही, जसा स्वतःच्या सुरीने माणूस स्वतःला कापत नाही. ‘कँटरबरी टेल्स’च्याच शेवटी यात्रेतला पाद्री सांगतो, की स्वतःच्याच सुरीने माणूस स्वतःचा जीव घेऊ शकतो.

पुढे जॅन्युअरीची दृष्टी जाते, पण मेचा हात तो सोडत नाही. नासपतीच्या झाडाची युक्ती चॉसरची नव्हे. इटालियन लेखक बोकाचोच्या ‘डेकॅमेरॉन’मध्ये ती आहे, फारसी कवी रूमीच्या ‘मसनवी’तही आहे. बहुतेक ठिकाणी नवरा झाडावर चढतो, खाली बायको प्रियकरासोबत दिसते आणि तिथून दिसलेलं सगळं झाडाची जादू ठरतं. चॉसरकडे मे वर चढते, तीही वाकलेल्या नवऱ्याच्या पाठीवर पाय देऊन. वर तिचा प्रियकर, डेमियन नावाचा तरुण सेवक, आधीच बसलेला असतो. नेमकी तेव्हाच पाताळाचा देव प्लुटो जॅन्युअरीला दृष्टी देतो आणि त्याची बायको प्रोसर्पिना मेला उत्तर सुचवते: तुमचे डोळे बरे व्हावेत म्हणून झाडावर परपुरुषाशी झटापट करायची होती, तीच केली, आणि झोपेतून उठलेल्याला जसं धड दिसत नाही, तसं तुम्हाला आत्ता झालंय. जॅन्युअरीला हे पटतं. तो तिच्या पोटावरून हात फिरवतो आणि तिला घरी घेऊन जातो. नासपती खायचे डोहाळे लागलेत असं ती म्हणाली होती. ते खरे होते का, हे चॉसर सांगत नाही.