१० सेकंद श्वास रोखता आला म्हणजे ऑक्सिजन ठीक?

‘१० सेकंद श्वास रोखा, खोकला आला नाही तर ऑक्सिजन उत्तम,’ हा निरोप वर्षानुवर्षे फिरतोय. पटण्यासारखा आहे खरा, पण श्वास रोखल्यावर जीव कासावीस होतो तो मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ऑक्सिजनवर पहारा ठेवतात मानेतल्या धमन्यांजवळचे तांदळाच्या दाण्याएवढे पेशीपुंज. मात्र ऑक्सिजनची पातळी ९० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत त्यांची हाक क्षीणच असते. त्यामुळे ऑक्सिजन हळूहळू घटत असेल आणि कार्बन डायऑक्साइड व्यवस्थित बाहेर पडत असेल, तर धाप न लागताही पातळी धोक्याची असू शकते.

पडताळून पाहायचंय? निरोगी माणसाने बसूनच, बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं छोटं यंत्र) लावून २०-३० सेकंद श्वास रोखावा. जीव घुसमटतो, आकडा मात्र जेमतेम हलतो. (यंत्र बदल थोडा उशिरा दाखवतं, म्हणून श्वास सोडल्यावरही अर्धा मिनिट बघत राहा.)

खरी मोजणी करताना नेलपॉलिश काढा, गार बोट चोळून गरम करा, हात स्थिर ठेवा आणि मिनिटभराने आकडा वाचा. समुद्रसपाटीला ९५ ते १०० नेहमीचं. पुन्हा मोजूनही ९२ किंवा कमी आला तर श्वास कितीही रोखता येवो, लगेच डॉक्टर गाठा.