जंगल की रोपवन? गुडघ्याखाली बघा

जून उजाडला की आमच्या साताऱ्यात एक ठरलेला फोटो फिरू लागतो. एक रोप, त्याला हात लावून उभे दहा-बारा जण, मागे बॅनर आणि खाली ओळ: ‘चला, जंगल उभारूया.’ रोप लावायला माझी ना नाही. माझं भांडण त्या ओळीशी आहे. हीच ओळ पुढे शाळेच्या निबंधात जाते, भाषणात जाते, आणि एखाद्या डोंगरावरचं जुनं रान रस्त्यासाठी तुटलं की ‘बदल्यात दुप्पट झाडं लावू’ म्हणून आपल्याच तोंडावर मारली जाते.

जंगल का हवं हे नव्याने सांगत बसत नाही. कृष्णा, कोयना, वेण्णा महाबळेश्वरच्या डोंगरात उगवतात, त्यांच्या पाण्यावर पार सांगलीपर्यंतचा ऊस उभा आहे, आणि उतारावरची माती जागेवर राहिली तरच कोयनेच्या १०५ टीएमसीच्या धरणात गाळ कमी येतो. हे सगळ्यांना पाठ आहे. प्राणवायूचं तेवढं मात्र आवरा. भरलेलं, जुनं जंगल जितका प्राणवायू तयार करतं, जवळजवळ तितकाच श्वसनात आणि पालापाचोळा कुजण्यात खर्चही करतं. जंगल राखायला त्याहून भक्कम कारणं आहेत.

रोपवन हा वनखात्याच्याच बोलीतला शब्द. माणसाने ठरवून, एका हंगामात, मोजलेल्या अंतरावर केलेली लागवड. पाचगणीचे सिल्व्हर ओक, डोंगरउतारावरच्या चरांत लावलेलं गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ, हे सगळं त्यात येतं. रोपवनात झाडं रांगेत असतात, जाती एक-दोन असतात, बहुतेक परदेशी असतात, सगळ्यांचं वय एक असतं. जंगलात यातलं काहीच नसतं. हे फरक डोळ्यांना दिसतात, त्यांच्यावर जास्त बोलायची गरज नाही. फेब्रुवारीत गिरिपुष्प गुलाबी फुललं की ‘आपल्या साताऱ्याचा चेरी ब्लॉसम’ म्हणून फोटो टाकणाऱ्यांना एवढंच सांगतो, त्या झाडाचं दुसरं नाव उंदीरमारी आहे, ते मध्य अमेरिकेतून आलंय आणि आपल्याकडची गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. खात्याचं ते लाडकं आहे ते याचमुळे.

खरा घोळ पुढे होतो. चार पुस्तकं वाचलेला माणूस म्हणतो, ‘बरोबर, परदेशी नकोतच. आपण वड, पिंपळ, करंज, जांभूळ लावू, झालं जंगल.’ देशी झाडांचा आग्रह मलाही आहे. पण एकाच पावसाळ्यात लावलेली हजार देशी झाडं हे देशी रोपवन असतं. गुंठाभर जागेत दाटीने वाढवलेलं, मियावाकी या जपानी पद्धतीचं रान हेसुद्धा रोपवनच, भले पाटीवर घनवन लिहिलेलं असो.

जंगल ओळखायची माझी खूण एकच आहे. मान वर करून शेंडे बघू नका, गुडघ्याखाली बघा. मोठ्या झाडांच्या सावलीत त्याच झाडांची रोपं दिसतात का? बोटभर, वीतभर, हातभर, कमरेएवढी, अशी वेगवेगळ्या वयाची? असली तर ते जंगल. ते आपली पुढची पिढी आपणच वाढवतंय. नसली, तर वरचा हिरवा पसारा कितीही दाट असो, ही झाडं म्हातारी होऊन पडली की मागे कोणी नाही.

पाचगणीहून महाबळेश्वर सुमारे वीस किलोमीटर. दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर बघायला मिळतात, म्हणून बाहेरून कोणी आलं की मी तिकडेच नेतो. पाचगणीतला सिल्व्हर ओक उंच, देखणा, वारा अडवणारा. खाली मात्र गवत, नाहीतर तांबडी माती. तो ऑस्ट्रेलियाचा, आणि त्याच्या जिवंत मुळांच्या शेजारी त्याचीच रोपं मरतात हे तिथल्या संशोधकांनी १९६७ सालीच दाखवून दिलं होतं. उसाचा फड जसा लावणाऱ्यावर अवलंबून, तसंच हे. फरक इतकाच की उसाला निदान कापलेल्या बुडख्यातून खोडवा तरी येतो.

महाबळेश्वरच्या जुन्या रानात शिरलात की अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा हे मुख्य मानकरी. झाडं फार उंच नाहीत. वाऱ्याने आणि पावसाने ती खुजी, वाकडी ठेवली आहेत. सिल्व्हर ओक बघून आलेला पाहुणा थोडा नाराजच होतो. त्याला खाली बसवावं लागतं. पाचोळा हाताने बाजूला केला की खाली ओला काळा थर, त्यात पांढरी बुरशीची जाळी, आणि त्यातून वर आलेली रोपं. जांभळाची बी एकदा सुकली की मेली. ती साठवून, वाळवून, पुढच्या वर्षी पेरता येत नाही. फळ पिकतं पावसाच्या तोंडावर, आणि बी पडते ती ओल धरून ठेवणाऱ्या पाचोळ्यात. पाचोळा नसेल तर ती तापलेल्या मातीवर चार दिवसांत खलास. म्हणून सोसायटीच्या बागेसारखं ‘रान साफ’ करायला जाणाऱ्या हौशी मंडळांचा मला राग येतो. प्लास्टिक उचला, बाटल्या उचला, हात जोडतो. पानं उचलू नका, पडलेलं लाकूड हलवू नका आणि खोडांना गेरू-चुना तर मुळीच फासू नका.

आता त्या रोपांचं पुढे काय होतं? बहुतेकांचं काहीच होत नाही, आणि तेच महत्त्वाचं. सावलीत वाढणाऱ्या जातींची रोपं वर्षानुवर्षं तेवढीच राहतात. वीतभर उंची, चार पानं, बस. मग एखाद्या पावसाळ्यात जुनं झाड कोसळतं, वर आभाळ उघडं पडतं, आणि थांबलेली रोपं एकदम उंच सुटतात. कोण टिकणार ते तिथल्या तिथे ठरतं. कुठलाही आराखडा हे बाहेरून करू शकत नाही, कारण कुठलं झाड कधी पडेल ते कोणालाच माहीत नसतं. रोपं आधीपासून हजर असतात, एवढंच.

बी वाहून नेणारेही लागतात. जांभूळ वटवाघळं आणि उदमांजरं पसरवतात, अंजनीची फळं पाखरं खातात, हिरडा-बेहड्याची फळं भेकर-सांबर खातात आणि बी दूर टाकतात. उंबराचं तर याहून बारीक आहे. त्याच्या फळात शिरून परागीभवन करणारी चिमुकली गांधीलमाशी नसेल तर उंबराला बीच धरत नाही. रोपवाटिकेतून उंबर आणता येतो. माशी, फळं खाणारा हरियाल पक्षी आणि वटवाघूळ पिशवीत भरून आणता येत नाहीत. आजूबाजूला जिवंत रान शिल्लक असेल तर ती स्वतःहून येतात. आधी जुनं राखा, मग नवं लावा, हा क्रम मी धरून बसतो तो याच कारणाने.

हे एकदा लक्षात आलं की वणव्याकडे बघायची नजर बदलते. फेब्रुवारी-मार्चमध्ये यवतेश्वर, अजिंक्यतारा, जरंडेश्वर या बाजूंचे उतार रात्री पेटलेले दिसतात. ‘गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं येतं’ ही समजूत, शिवाय बिडीचं थोटूक, शिवाय निव्वळ खोडी. दुसऱ्या दिवशी लोक म्हणतात, झाडं तर उभीच आहेत की! उभी असतात. जाड सालीचं मोठं झाड आपल्याकडच्या गवताच्या आगीत सहसा मरत नाही. जळतं ते गुडघ्याखालचं सगळं: बी, रोपं, पाचोळा. दरवर्षी आग लागली तर ते रान पन्नास वर्षं लांबून हिरवंच दिसेल, पण त्याचा वंश खुंटलेला असेल. कुऱ्हाडीने तुटलेलं झाड पेपरात येतं, आगीत गेलेली लाखभर रोपं कोणाच्या खिजगणतीत नसतात.

सरकारी मोजदादीलाही हे दिसत नाही. महाराष्ट्रात २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी झाडांची मोहीम झाली. वाद एकाच गोष्टीवर झाला, जगली किती. अहो, शंभर टक्के जगली असती तरी माझा प्रश्न तसाच उरला असता. वनाच्छादनाच्या राष्ट्रीय अहवालातही हेक्टरभर जागेवर दहा टक्के सावली पडली की ते वनाच्छादन धरतात. झाड कुठलं, जमीन कोणाची, हे बघत नाहीत. आमराई त्यात बसते, सिल्व्हर ओक बसतो. अहवाल खोटा नाही, त्याची व्याख्याच तशी आहे. ‘वनाच्छादन वाढलं’ ही बातमी वाचून जंगल वाढल्याचा आनंद कोणी करू नये, एवढंच म्हणणं आहे.

उलटा पुरावा हवा असेल तर कोयना-चांदोलीकडे बघा. धरणं झाली, अभयारण्यं झाली, गावं उठली. उठलेल्या माणसांनी त्याची किंमत मोजली आणि पुनर्वसनाची रखडकथा त्या वस्त्यांमध्ये आजही ऐकायला मिळते. ती बाजूला सारून जंगलाचं कौतुक करू नये. पण जमिनीवर काय झालं ते खरं आहे. जिथे शेतं होती तिथे काही भागात कुरणं झाली आणि गवे चरू लागले, काही उतारांवर रान परत आलं. कोणी रोप लावलं नव्हतं. शेजारी जुनं जंगल उभं होतं, आग आणि चराई कमी झाली, बाकी काम पाखरांनी केलं. हाच पट्टा २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला.

इथे सांगलीकर हटकून विचारतात, ‘मग आमचं सागरेश्वर?’ विचारायलाच हवं. देवराष्ट्र्याजवळचं हे अभयारण्य माणसाने वाढवलेलं आहे, धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं. मला त्याबद्दल आदर आहे. पण लोक त्यातलं फक्त ‘झाडं लावली’ एवढंच घेतात. कुंपण, राखण, चराईवर बंधन आणि पुढची कित्येक दशकं, हे सोडून देतात. लागवड हा त्यातला सगळ्यात सोपा भाग होता.

माण, खटाव, आटपाडी, जत या भागासाठी थोडं वेगळं. तिथलं माळरान म्हणजे तुटून गेलेलं जंगल असं धरून चर खणायचे आणि गिरिपुष्प लावायचं, हा प्रकार थांबला पाहिजे. महाबळेश्वरात सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तिथून शे-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला जेमतेम पाचशे. तिथे गवतच राज्य करणार. पवन्या, मारवेल, कुसळी. त्यात लांडगा, खोकड, चंडोल, धाविक. आणि त्याच गवतावर धनगरांची मेंढरं. कासच्या सड्याचंही, म्हणजे खडकाळ पठाराचंही, तेच. जांभ्या दगडावर बोटभर माती, त्यात सीतेची आसवं, गेंद, सोनकी आणि साताऱ्याचं नाव शास्त्रीय नावात मिरवणारा वायतुरा. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली त्यात कास आहे, आणि तरीही ‘इथे झाडं का लावत नाहीत?’ असं विचारणारा पर्यटक दर हंगामात भेटतोच. माणदेशात सावली हवी तर गावात, बांधावर, रस्त्याकडेला कडुलिंब, चिंच, बाभूळ लावा की. माळ सोडा.

आणि उघड्या डोंगराचं काय? आधी तिथे जाऊन बुंधे शोधा. आपल्या बोडक्या दिसणाऱ्या कित्येक उतारांवर ऐन, धावडा, खैर यांची जुनी खोडं जमिनीत जिवंत असतात. दर पावसाळ्यात फुटवे येतात, दर उन्हाळ्यात ते जळतात किंवा शेळ्या खातात. तिथे रोपांवर पैसा घालणं म्हणजे उधळपट्टी. तोच पैसा जानेवारीत जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढायला, उन्हाळ्यात राखणदाराच्या पगाराला आणि गावाशी बसून चराईबंदी ठरवायला घाला. चराई बंद करायची तर गुरांना चारा कुठून येणार हेही त्याच बैठकीत ठरलं पाहिजे, नाहीतर बंदी कागदावर राहते. बुंधेही नाहीत आणि जवळपास बी देणारं एकही झाड नाही, अशा ठिकाणी मात्र खुशाल लावा. आपल्या तालुक्यातल्या झाडांचं बी, सरमिसळ, रांगेशिवाय, आणि तेही अशा माणसांच्या हाती जी पुढच्या मार्चमध्ये झोडपणी घेऊन आग विझवायला येतील.

गुडघ्याखाली बघायला जायचं तर दसरा-दिवाळीच्या सुमारास जा. पावसाळ्यात जळवा आणि चिखल सुचू देत नाहीत, मार्चनंतर बरंच काही जळालेलं असतं. ऑक्टोबरात त्या सालची रोपं दोन-चार पानांवर आलेली असतात, जुनी त्यांच्याहून हातभर वर असतात, आणि एका नजरेत मोजता येतात. पाऊल तेवढं जपून टाका.