डिस्कला नावं कळत नाहीत

एकाच कॉम्प्युटरवर उबुंटू आणि फेडोरा या दोन लिनक्स सिस्टिम, आणि दोन्हींना मिळून फोटो-कागदपत्रांसाठी एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमचं वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र भाग. मांडणी सोयीची आहे, पण फेडोरातून एखाद्या फोल्डरमध्ये फाइल सेव्ह करायला जावं तर 'परमिशन डिनाइड'! युजरचं नाव तर दोन्हीकडे 'सुनीता'च.

फाइलच्या आयनोडमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या तिच्या माहितीच्या नोंदीत, मालकाचं नाव नसतंच, असतो तो फक्त यूआयडी हा क्रमांक. कोणत्या क्रमांकाचं नाव काय, हे प्रत्येक लिनक्स आपापल्या 'पासडब्ल्यूडी' फाइलमध्ये बघतं. हल्ली दोन्हीकडे पहिल्या युजरला १००० मिळतो, म्हणून एकटा माणूस सहसा अडत नाही. (फेडोराची मोजणी २०११च्या सोळाव्या आवृत्तीपूर्वी ५००पासून सुरू व्हायची.)

घरात दोघं असले की गंमत सुरू होते. उबुंटूवर सुनीता १००० आणि आई १००१. फेडोरावर आईचं खातं आधी उघडलं, म्हणून उलट. आता फेडोरात सुनीताच्या खासगी फाइली बिनबोभाट आईच्या होतात. तिने त्या उघडल्या तर एररही येत नाही. त्यापेक्षा 'डिनाइड' बरं, निदान गडबड कळते तरी.

'एलएस -एलएन' दिलं की नावांऐवजी क्रमांक दिसतात. खरी स्थिती तीच. अशा वेळी सर्रास दिला जाणारा '७७७ करून टाका' (म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क द्या) हा सल्ला मला मुळीच पटत नाही. फोल्डर सगळ्यांना मोकळा होतो, आणि आत नंतर तयार होणाऱ्या फाइलींचे हक्क तरीही युमास्क (नव्या फाइलींचे कोणते हक्क वगळायचे ते सांगणारी सेटिंग) हाच ठरवतो. त्यापेक्षा 'यूजरमॉड -यू'ने क्रमांक जुळवावेत. त्या युजरने आधी लॉगआउट केलेलं हवं. होम फोल्डरमधल्या फाइलींचा मालक ही कमांडच बदलते; बाहेरच्या फाइलींसाठी मालक बदलणारं 'सीएचओन' आपल्याला चालवावं लागतं.

सामायिक फोल्डरसाठी दोन्हीकडे एकाच क्रमांकाचा ग्रुप करावा, समजा २०००. मग फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करून त्याला २७७५ परमिशन (मालक आणि ग्रुपला सगळे हक्क, इतरांना लिहिण्याचा सोडून) द्यावी. सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी; त्यामुळे आतली नवी फाइल आपोआप त्याच ग्रुपची होते. युमास्क ०२२ असेल तर मात्र ग्रुपला त्या फाइलीत लिहिता येत नाही. तिथे डीफॉल्ट एसीएल, म्हणजे नव्या फाइलींना आपोआप लागणारी हक्कांची यादी, लावावी.

अख्खा होम फोल्डर सामायिक करू नये. एकाच प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्या एकमेकींच्या सेटिंग्ज बिघडवतात.

आणि हे सगळे हक्क रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या ॲडमिन युजरला, लागू नाहीत. फेडोराचा रूट उबुंटूच्या फाइली खुशाल वाचतो. त्या खरंच लपवायच्या असतील तर लक्स ही लिनक्सची एन्क्रिप्शन पद्धत वापरून पार्टिशन एन्क्रिप्ट करावं लागतं.