पार्श्वभूमी: क्लाउडच्या बिलातली प्रत्येक ओळ कुठून आली?

म्हापसा-पर्वरीकडच्या एखाद्या छोट्या हॉटेलवाल्याने वेबसाइट क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांवर, नेली की दोन-तीन महिन्यांतच तो विचारतो, दर महिन्याला बिल वेगळं का? पूर्वी होस्टिंगचे वर्षाचे पैसे एकदा भरले की विषय संपायचा.

वापराल तेवढेच पैसे, ही कल्पना जुनीच. १९६१ साली एमआयटीच्या शताब्दी समारंभात संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी म्हणाले होते की टेलिफोनसारखीच संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल. प्रत्यक्ष बाजारभाव ठरला तो २००६ मध्ये. मार्चमध्ये ॲमेझॉनच्या एस३ या साठवणूक सेवेने १ जीबीला महिना १५ सेंट लावले. ऑगस्टमध्ये सर्व्हर भाड्याने देणारी ईसी२ ही सेवा आली: सर्व्हर तासाला १० सेंट, म्हणजे महिनाभर चालू ठेवला तर ७२ डॉलर. पाच मिनिटं वापरला तरी पूर्ण तास धरत. सेकंदावर आकारणी यायला ऑक्टोबर २०१७ उजाडलं.

२००८ मध्ये डिस्क स्वतंत्रपणे भाड्याने मिळू लागली. म्हणूनच पावसाळ्यात गिऱ्हाईक नाही म्हणून सर्व्हर थांबवला, तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं. २००९ मध्ये आणखी दोन दर आले. वर्ष-तीन वर्षांचा करार केला तर सवलत, आणि पडून असलेली क्षमता त्याहून स्वस्तात. ऑफ-सीझनला खोली मिळेल त्या भावाने देतात तसंच हे. फरक इतकाच की इथे जागा लागली की पाहुण्याला मध्येच उठवतात. बुकिंगची साइट अशा सर्व्हरवर कधीच ठेवू नये.

पण माझ्या मते खरी मेख आहे ती बाहेर जाणाऱ्या, म्हणजे साइटवरून पाहणाऱ्यांकडे जाणाऱ्या, डेटात. जुलै २०११ पासून ॲमेझॉनने आत येणारा डेटा फुकट केला, बाहेर जाणाऱ्याचे पैसे मात्र ठेवले. ॲमेझॉनच्या मुंबईतल्या डेटा केंद्रातून ते १ जीबीला सुमारे ११ सेंट पडतात, अमेरिकेत ९. समजा पानावर समुद्रकिनाऱ्याचे ५ एमबीचे फोटो आहेत आणि डिसेंबरात ते १ लाख वेळा उघडलं: ५०० जीबी. महिन्याचे पहिले १०० जीबी मोफत धरले तरी ४४ डॉलर नुसत्या फोटोंचे, छोट्या सर्व्हरच्या भाड्यापेक्षा जास्त. माल ठेवायला दार उघडं आणि न्यायला नाका, हे मला अन्यायाचं वाटतं. युरोपच्या डेटा कायद्यानंतर, २०२४ मध्ये, गूगलने आणि मग ॲमेझॉनने सेवा कायमची सोडून जाणाऱ्यांना बाहेर जाणाऱ्या डेटाचं हे शुल्क माफ केलं. रोज बाहेर जाणाऱ्या डेटाला ते आहेच.

मुंबईत ॲमेझॉनचं केंद्र जून २०१६ मध्ये आलं, त्यामुळे गोव्यातल्या साइटला सिंगापूरचा वळसा उरला नाही. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यालाही (इंटरनेटवर सर्व्हर ओळखायचा क्रमांक) तासाला अर्धा सेंट लागतो, महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी.